दोन गुरूंचा शिष्य

कुंगफूचे सिनेमे पाहत एक अख्खी पिढी मोठी झाली. पांढऱ्या दाढीचा गुरू, त्याच्या अंगणात पाणी वाहणारा पोरगा आणि शेवटी त्याच पोराच्या हाती आलेली विद्या, हे चित्र टीव्हीवरून आपल्या ओरोस-मालवणच्या घरांतही पोहोचले. सिनेमातल्या उड्या सोडून द्या, पण त्यात एक गोष्ट खरी आहे. चिनी परंपरेत ठोसा आणि श्वास पुष्कळदा एकाच गुरूच्या घरी शिकता येतात. कुंगफूच्या जोडीला चिगाँग असते, म्हणजे संथ हालचाल, श्वास आणि चित्त यांची मिळून केलेली साधना. ही विद्या शाओलिनच्या मठात बोधिधर्म नावाच्या भारतीय भिक्षूने नेली अशी आख्यायिका आहे. इतिहासकार ती मानत नाहीत.

आपल्याकडे मात्र बहुधा तालीम एका गल्लीत आणि आश्रम दुसऱ्या गावी. वस्ताद नाकपुडी दाबून बसत नाही आणि योगी लाठी फिरवत नाही. एक मराठी माणूस हे दोन्ही उंबरे ओलांडून गेला, दोन्हीकडे शिष्य म्हणून राबला आणि मग गुरूची विद्या त्याने यंत्राला जोडून पाहिली. त्यांचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखते.

जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, गुजरातेतल्या डभोईचा. घरची परिस्थिती बेताची, पण मुलगा हुशार. १९०३ साली मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. पुढे बडोद्याच्या कॉलेजात ते शिकले. अरविंद घोष तेव्हा तिथे अध्यापक होते. एकीकडे अरविंद, दुसरीकडे लोकमान्य टिळक. त्या वयाच्या मुलाने आणखी कोणाकडे पाहायचे? देशसेवेसाठी अविवाहित राहायचे, हे त्यांनी तरुणपणीच ठरवून टाकले.

त्या काळी देशसेवा म्हटली की आधी शरीर कमवायचे. बडोद्यात जुम्मादादांची व्यायामशाळा होती. जुम्मादादा मुसलमान पहिलवान, आणि त्यांचा वारसा चालवणारे त्यांचे पट्टशिष्य राजरत्न माणिकराव. १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे गुणे माणिकरावांच्या हाताखाली होते. माणिकराव लाठी, लेझीम आणि शस्त्रांचे हात शिकवीत, मोडलेली हाडेही बसवीत. शेकडो मुलांकडून एका तालात व्यायाम करून घेण्याची त्यांची हातोटी होती. देशी व्यायामाबद्दलचा जिव्हाळा गुण्यांना इथेच लागला आणि तो जन्मभर सुटला नाही.

मग खानदेशात अमळनेरला शिक्षकी. तिथल्या राष्ट्रीय कॉलेजाचे ते १९१६ मध्ये प्राचार्य झाले, पण १९२० मध्ये सरकारने ते कॉलेज बंद पाडले. त्याच सुमारास दुसरे गुरू भेटले होते. नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदास राहत. मूळचे बंगाली, वयाने फार वृद्ध. मुंबईच्या योग इन्स्टिट्यूटचे संस्थापक योगेंद्रजी हेही त्यांचेच शिष्य. आखाड्यात घाम गाळलेला हा पस्तिशीतला मास्तर आता बसायला, श्वास रोखायला, पोटाचे स्नायू वेगळे काढून फिरवायला शिकू लागला.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. गुरूने शिकवले, शिष्याने केले, गुण आला. दुसरा कोणी असता तर इथेच हात जोडून थांबला असता. गुण्यांना प्रश्न पडला, हे होते तरी कसे? १९२०-२१ मध्ये बडोद्याच्या रुग्णालयात काही विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांचा अभ्यास केला. यात धोका होता, आणि तो शरीरापेक्षा श्रद्धेला अधिक होता. यंत्राने नाही म्हटले असते तर?

जुने हठयोगी पाण्यात बसून, पिचकारीशिवाय, आतड्यात पाणी ओढून घेतात, असे ग्रंथांत सांगितले आहे. ऐकणाऱ्याला ती थापच वाटावी. कुवलयानंदांनी दाब मोजून पाहिला, तर नौली चालू असताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि त्यामुळे पाणी आत खेचले जाते, असे आढळले. या निर्वात अवस्थेला त्यांनी नाव दिले ‘माधवदास व्हॅक्यूम’. गुरुदक्षिणेचे याहून चमत्कारिक उदाहरण माझ्या तरी वाचनात नाही.

गुरूच्या बाजूने कौल लागला की आनंद कोणालाही होतो. मला त्यांचा अधिक आदर वाटतो तो दुसऱ्या निकालामुळे. प्राणायामाने शरीरात भरमसाट प्राणवायू जातो, हे तेव्हाही जो तो सांगे, आजही सांगतो. लोणावळ्यात श्वासाची मोजमापे घेतल्यावर तसे काही दिसले नाही. कुवलयानंदांनी ते छापले आणि प्राणायामाचे महत्त्व प्राणवायूच्या हिशेबात नसून शरीरातल्या दाबांच्या फेरफारांत आणि मज्जासंस्थेवरच्या परिणामांत शोधायला हवे, असे मांडले. त्यांच्या प्रयोगांत माणसे थोडी असत, आजच्या कसोट्यांना ते अपुरे वाटतील. पण सोयीचा समज स्वतःहून मोडायला लागणारे धैर्य त्यांच्यापाशी होते.

लोणावळ्याचे कैवल्यधाम १९२४ मध्ये निघाले, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही. १९२७ मध्ये प्रकृती ढासळली तेव्हा गांधीजींनी त्यांच्याशी पत्रव्यवहार करून आसनांबद्दल सल्ला घेतला. अमेरिकेच्या येल विद्यापीठातले के. टी. बेहानन त्यांच्याकडे येऊन शिकले आणि १९३७ मध्ये त्यांनी योगावर ग्रंथ प्रसिद्ध केला. १९३६ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर, चर्नी रोड स्टेशनाजवळ, आरोग्यकेंद्र उघडले. गिरगावात बिऱ्हाड केलेले आपले कितीतरी चाकरमानी चौपाटीकडे जाता-येता त्या पाटीखालून गेले असतील.

त्याच १९३६ मध्ये त्यांचे ‘यौगिक संघ व्यायाम’ हे छोटे पुस्तक आले. शाळेच्या मैदानावर सगळ्या मुलांनी एका हुकमावर, एका तालात योगाचे व्यायाम करावेत अशी त्याची योजना. ताल माणिकरावांचा, आसने मालसरची. १८ एप्रिल १९६६ रोजी कुवलयानंद गेले. लोणावळ्यातले कैवल्यधाम आजही चालू आहे.