साष्टीचा पाद्री : फादर स्टीफन्स

फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव आपल्या वाङ्मयेतिहासात ‘ख्रिस्तपुराणा’शी इतके एकरूप झाले आहे की, त्या ग्रंथामागे जवळजवळ चाळीस वर्षे गोव्यात वावरलेला एक पाद्री होता, ही गोष्ट अभ्यासकांच्या नजरेतून निसटते.

त्यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. कॅथलिकांना तेथे उघडपणे उपासना करणे अशक्य झाले होते. त्यांचे स्नेही थॉमस पाउंड तुरुंगात पडले. स्टीफन्स रोमला पोहोचले आणि १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाले. ऑक्टोबर १५७९ मध्ये ते गोव्यास उतरले. पुढे साष्टी हेच त्यांचे कार्यक्षेत्र झाले.

१५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले. त्यांचे मृतदेह मिळवून त्यांना मूठमाती देण्याचे काम स्टीफन्स यांनी केले. पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावकरांचा घेतलेला सूडही याच प्रसंगाचा भाग आहे. तो वगळून हे चरित्र सांगता येणार नाही. त्याच वर्षअखेर जॉन न्यूबेरी, राल्फ फिच हे इंग्रज व्यापारी गोव्यात कैदेत पडले, तेव्हा त्यांची जामिनावर सुटका व्हावी म्हणून स्टीफन्स यांनीच खटपट केली. ज्या देशाने त्यांच्या धर्माला थारा दिला नाही, त्याच देशाची ही माणसे होती.

तथापि त्यांची करुणा खऱ्या अर्थाने कसाला लागली ती अशा प्रसंगांत नव्हे, तर रोजच्या धर्मशिक्षणात, असे मला वाटते. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे बंद झाली होती. त्यांच्या जागी काही मिळाले नव्हते. एका रविवारी मुलांना धर्मतत्त्वे शिकविणाऱ्या पाद्रीला एक नवख्रिस्ती ब्राह्मण हीच उणीव बोलून दाखवितो, असा प्रसंग ग्रंथारंभीच येतो. तक्रार रास्त होती. ज्या सत्तेने ती पोकळी निर्माण केली, त्याच सत्तेच्या छायेत स्टीफन्स राहत होते, हा पेच त्यांनी सोडविला असे म्हणता येत नाही. मात्र तक्रार त्यांनी ऐकून घेतली. १६१६ मध्ये रायतूर येथे, रोमन लिपीत, सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण छापून निघाले.

त्यासाठी त्यांनी मराठी निवडली, आणि सामान्य श्रोत्याला कळावे म्हणून तीत कोंकणी शब्द मिसळले. स्वर्गाला वैकुंठ म्हणताना ते कचरले नाहीत. याला केवळ प्रचाराची युक्ती म्हणणे सोपे आहे. परंतु कोंकणीचे व्याकरण रचण्याइतका जो माणूस लोकांच्या बोलण्यात रमला, त्याच्याबाबत तो निवाडा अपुरा ठरतो.

१६१९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे व्याकरण १६४० मध्ये छापले गेले. १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्धच फर्मान काढले. पुराण मात्र ख्रिस्ती घरांतून हस्तलिखितांच्या रूपाने टिकले आणि १९०७ मध्ये मंगळूरला पुन्हा छापले गेले.