लक्ष्मणराव किर्लोस्कर : माणसं जोडणारा कारखानदार

थर्ड इयरला आल्यापासून एक शब्द सारखा कानावर पडतो, नेटवर्किंग. सेमिनारला आलेल्या पाहुण्यांकडून व्हिजिटिंग कार्ड मागून घ्यायचं, कारण बिझनेस करायचा तर ओळखी पाहिजेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या ओळखी कशा झाल्या हे बघितलं तर मात्र बहुतेक ठिकाणी आधी काम दिसतं आणि ओळख त्याच्या मागून आलेली दिसते. म्हणून त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं.

जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून १८८५ मध्ये मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि तिथे कळलं की काही रंग त्यांना नीट ओळखूच येत नाहीत! पेंटिंग सुटलं. मग मेकॅनिकल ड्रॉइंग शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. (आपल्यातले जे इंजिनियरिंग ड्रॉइंगला शिव्या देतात त्यांनी नोंद घ्यावी.)

त्यांचा पहिला पार्टनर म्हणजे सख्खा मोठा भाऊ, रामुअण्णा. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे आणि रामुअण्णा बेळगावात त्या विकायचे, शिवाय गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. किर्लोस्कर ब्रदर्सची सुरुवात १८८८ ची मानतात. पुढे हक्काचं प्रमोशन डावलून दुसऱ्याला दिल्यावर लक्ष्मणरावांनी मास्तरकी सोडली आणि कायमचे बेळगावला आले.

तिथे त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. नांगर चांगला होता, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीत विष पसरतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. समोरच्याला अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण वर्षभराचं पोट एका पेरणीवर असलेल्या माणसाने अनोळखी वस्तूवर विश्वास का ठेवावा? तो विश्वास शेतात नांगर चालल्यावरच येणार होता, दुकानात बोलून नाही.

नांगर जरा कुठे खपायला लागले तोच बेळगाव म्युनिसिपालिटीला नवीन वस्तीसाठी त्यांचीच जागा हवी झाली. कारखाना उचलून न्यायचा कुठे? त्याच सुमाराला लक्ष्मणरावांनी औंधला सभामंडप बांधायचं काम घेतलं होतं. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, आणि हा इंजिनियर जे. जे. मध्ये शिकलेला, त्यामुळे सूर जुळले असणार असं मला वाटतं. पण बाळासाहेबांनी त्यांचं कामही बघितलं होतंच. अडचण कळल्यावर त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन दिली, वर कर्जही दिलं. सगळी निवडुंगाची आणि सापांची माळरानं. १० मार्च १९१० ला तिथे किर्लोस्करवाडी सुरू झाली. इतका मोठा आधार प्रत्येकाच्या नशिबात नसतो, हे मान्य करायलाच हवं.

आता तिथली टीम बघा. शंभोराव जांभेकर म्हणजे कुठेही काही अडलं की धावणारे इंजिनियर. के. के. कुलकर्णी मॅनेजर, पण पडेल ते काम करणार. हिशेबाला मंगेशराव रेगे. अनंतराव फळणीकरांनी तर शाळा अर्धवट सोडलेली, तरी डोकं असं की नवनवीन यंत्रं सुचायची. आणि रात्रीच्या पहाऱ्याला तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दोघंही तुरुंगात शिक्षा भोगून आलेले! आज एचआरवाले पर्सेंटेज बघून फॉर्म बाजूला टाकतात. या लिस्टमधले किती जण आत आले असते? वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही हा नियम होता. त्या काळात हे सोपं नव्हतं.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा दिल्या, आणि त्या वितळवून नांगर झाले. १९२० मध्ये पुतण्या शंकररावांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. आपल्या माणसांपर्यंत आणि गिऱ्हाइकांपर्यंत पोचायचं साधन म्हणून निघालेल्या त्या अंकांचं पुढे 'किर्लोस्कर' हे गाजलेलं मासिक झालं.

पण एक गोष्ट टाळून चालणार नाही. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ झाली, त्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही पेटवला गेला. जोडलेली माणसं होती, तरी हे झालं. चाळीस वर्षांचा कारखाना डोळ्यांसमोर जळाला की या माणसाला त्या रात्री काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. उत्तर मला सापडलेलं नाही. तिथून निघून जाणं शक्य होतं. तरी कारखाना त्याच जागी पुन्हा उभा राहिला आणि आजूबाजूची माणसं पुन्हा कामावर येऊ लागली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. वाडीत आजही पंप तयार होतात, आणि मिरज-पुणे लाइनवरच्या त्या जुन्या कुंडल रोड स्टेशनच्या बोर्डावर आता किर्लोस्करवाडी असं लिहिलेलं आहे.