गोपुरीच्या झोपडीतले शेठजी : जमनालाल बजाज यांचं शेवटचं काम

वर्धा : कापसाचे मोठे व्यापारी, काँग्रेसचे खजिनदार, गांधीजींचे मानलेले पाचवे पुत्र. जमनालाल बजाज यांची एवढी ओळख जिल्ह्यात बहुतेकांना असते. आयुष्याचे शेवटचे काही महिने मात्र ते गाई-ढोरांच्या कामाला लागले होते, ही गोष्ट मागे पडली.

४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानात सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात त्यांचा जन्म झाला. लहानपणीच ते वर्ध्याच्या शेठ बच्छराज यांच्या घरी नातू म्हणून दत्तक आले. सरकारने दिलेली रायबहादूर ही पदवी त्यांनी १९२१ मध्ये सोडली. १९२८ मध्ये घरचंच लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुलं केलं. १९३६ मध्ये बापू ज्या शेगावात राहायला गेले, म्हणजे आजचं सेवाग्राम, त्या गावचे मालगुजारही तेच.

१९४१ मध्ये तुरुंगातून सुटले तेव्हा तब्येत साथ देत नव्हती. राजकारणात मन लागत नव्हतं. गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी गोसेवेचं काम घेतलं, गोसेवा संघ काढला आणि बंगला सोडून गोपुरीत साध्या झोपडीत राहायला गेले.

त्या काळी गाईची पूजा भरपूर, पण कोठ्यात कुटाराची बोंब. पिंजरापोळात म्हातारी, भाकड ढोरं मरेपर्यंत बांधून ठेवली की पुण्य पदरात पडलं, अशी समजूत. संघाचं म्हणणं वेगळं होतं. गाय पोसली जायची तर ती परवडली पाहिजे. त्यासाठी पोटभर चारा, जातिवंत वळू आणि वेळेवर औषधपाणी हवं. सदस्यांनी गाईचंच दूध-तूप खायचं आणि चामडं वापरायचं ते आपोआप मेलेल्या जनावराचंच, असा नियम होता. (बापू स्वतः शेळीचं दूध पीत, तो भाग वेगळा.) मेलेल्या ढोरांचं कातडं कमावायला नालवाडीत चर्मालय होतंच.

हे काम सोपं नव्हतं. आर्वी-कारंजा भागातली आपली गवळाऊ पांढरी, हलकी, बैल चपळ, दूध बेताचं. त्यात बुळकांडी शिरली की गावचे कोठे रिकामे व्हायचे. ती बुळकांडी लसीमुळे हटली, २०११ मध्ये जगातून गेल्याचं जाहीर झालं. घटसर्प, फऱ्या अजून आहेत. त्यांची लस पावसाळ्याआधीच टोचून घ्यावी लागते. आजही ढोरांच्या दवाखान्यात डॉक्टर येण्याआधी परिचर हेच पाहतो : रवंथ सुरू आहे का, नाकपुडी ओली आहे का, शेण कसं पडलं, ताप किती. गाईचा ताप साधारण १०१ ते १०२ अंशांवर असतो, हे माहीत नसलं तर चांगल्या गाईलाही माणूस तापलेली समजतो. नुसत्या हळद-कुंकवाने यातलं काही कळत नाही, आणि शेठजींचा सगळा जोर तिथेच होता.

फेब्रुवारी १९४२ च्या सुरुवातीला वर्ध्यात गोसेवकांचं संमेलन भरलं. त्यानंतर काही दिवसांतच, ११ फेब्रुवारीला, मेंदूतल्या रक्तस्रावाने जमनालालजी गेले. वय अवघं ५२. काम नुकतं कुठे रुळायला लागलं होतं. अंत्यसंस्कार गोपुरीतच झाले. गोसेवा संघाची धुरा पत्नी जानकीदेवींनी उचलली. १९५६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.