कामधंदा विचारणारा डॉक्टर

ताप, थंडी, अंगदुखी अशी तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला डॉक्टर वय विचारतात, ताप कधीपासून आहे हे विचारतात, भूक आणि झोपेची चौकशी करतात. ‘तुम्ही काम काय करता?’ हा प्रश्न मात्र अनेकदा राहून जातो. हा प्रश्न प्रत्येक रुग्णाला विचारलाच पाहिजे, असा आग्रह तीनशे वर्षांपूर्वी एका इटालियन वैद्याने धरला. बर्नार्दिनो रामाझ्झिनी हे त्याचे नाव. कामगारांच्या आजारांचे शास्त्र आज जगभर शिकवले जाते, त्याचा जनक म्हणून त्याला ओळखतात. घरच्या घरी भट्टी पेटवून पितळ, अ‍ॅल्युमिनियम किंवा चांदी ओतणाऱ्यांना तर त्याची आठवण ठेवण्याचे खास कारण आहे.

रामाझ्झिनीचा जन्म ४ ऑक्टोबर १६३३ रोजी उत्तर इटलीतील कार्पी या गावी झाला. पार्मा येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन १६५९ मध्ये त्याने पदवी मिळवली. त्यानंतर रोमच्या परिसरातील लहान गावांत त्याने व्यवसाय सुरू केला. तो मुलूख हिवतापाचा. तरुण वैद्य स्वतःच तापाने इतका खंगला की त्याला सारे सोडून गावी परतावे लागले. प्रकृती सुधारल्यावर १६७१ मध्ये तो मोदेना शहरात आला आणि पुढे १६८२ मध्ये तेथील विद्यापीठात वैद्यकाचा प्राध्यापक झाला.

मोदेनातच त्याच्या आयुष्याला वळण मिळाले. तेथील घरांचे संडासाचे खड्डे ठरावीक वर्षांनी उपसले जात. एकदा रामाझ्झिनीच्याच घरी हे काम चालले होते. कामगार जिवाच्या आकांताने घाई करत होता. इतकी घाई कशासाठी, असे वैद्याने विचारले. त्यावर तो म्हणाला की खड्ड्यात चार तासांहून अधिक वेळ थांबले तर डोळे जातात. रामाझ्झिनीने त्याचे डोळे तपासले. ते लाल आणि धूसर झाले होते. पुढे शहरात चौकशी केली तेव्हा हेच काम करून दृष्टी अधू झालेले आणि आता भीक मागणारे अनेक जण त्याला भेटले.

इतर वैद्य अशा जागी नाकाला रुमाल लावून पुढे गेले असते. रामाझ्झिनी मात्र कारखान्यांत, तळघरांत आणि भट्ट्यांपाशी जाऊ लागला. कुंभार, काच बनवणारे, रंगारी, लोहार, खाणकामगार, पिठाच्या गिरणीत राबणारे, धुणे धुणाऱ्या बाया अशा सगळ्यांशी तो बोलला. त्यांना काय होते, केव्हा होते आणि हातात नेमके कोणते काम असताना होते, याची तो नोंद ठेवत गेला. १७०० मध्ये त्याने कामगारांच्या आजारांवरचा आपला लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात चाळीसहून अधिक व्यवसायांचा विचार होता. हिपोक्रेटिसच्या काळापासून वैद्य रुग्णाला जे प्रश्न विचारत आले होते, त्यांत कामधंद्याच्या प्रश्नाची भर त्याने याच ग्रंथात घातली. गरिबाच्या घरी गेल्यावर वैद्याने घाईने नाडी पाहून निघू नये, मिळेल त्या तिपाईवर बसावे आणि निवांत चौकशी करावी, असेही त्याने बजावले.

धातू तापवणाऱ्यांची प्रकरणे या ग्रंथात विशेष महत्त्वाची आहेत. त्या काळी चांदी-पितळेच्या वस्तूंवर सोन्याचा मुलामा देताना सोने पाऱ्यात मिसळून वस्तूला लावत आणि मग ती निखाऱ्यांवर धरत. पारा उडून जाई आणि सोने चिकटून राही. उडालेला पारा जाई तो कारागिराच्या श्वासात. कारागीर तोंड फिरवून काम करत, पण तेवढ्याने वाफ चुकत नाही, हे रामाझ्झिनीने पाहिले. चक्कर, दमा, हातापायांची थरथर आणि लकवा यांनी ही माणसे पोखरली जात. त्यांतील फार थोडी म्हातारपण पाहत. काळजी न घेणारा एक तरुण कारागीर दोन महिने अंथरुणाला खिळून दगावल्याची नोंदही त्याने केली. चेहरा प्रेतासारखा पांढराफटक, डोळे सुजलेले, तोंडात व्रण आणि श्वास लागलेला, अशी त्याची अवस्था होती. कुंभारांच्या हातांचा कंप त्याने चकाकीसाठी वापरल्या जाणाऱ्या शिशाशी जोडला.

धूर भट्टीपाशीच थांबत नाही, हेही त्याने लिहून ठेवले. फिनाले नावाच्या गावात मोदेनाच्या एका व्यापाऱ्याचा पाऱ्यापासून जहाल रसायन बनवण्याचा कारखाना होता. त्याच्या धुराने शेजाऱ्यांचा जीव नकोसा होत असे. एका गावकऱ्याने कारखाना गावाबाहेर हलवावा म्हणून दावा लावला. गावच्या वैद्याची साक्ष झाली. चर्चमधील मृत्यूंची नोंदवही सादर झाली. कारखान्याच्या आसपास अधिक माणसे दगावतात, असे तीवरून दाखवण्यात आले. तरीही निकाल कारखानदाराच्या बाजूने लागला.

त्याच वर्षी, म्हणजे १७०० मध्ये, पादुआच्या नामांकित विद्यापीठाने त्याला बोलावून घेतले. तेव्हा तो सदुसष्टीच्या घरात होता. दृष्टी मंदावत गेली तरी शिकवणे आणि लिहिणे थांबले नाही. १७१३ मध्ये ग्रंथाची वाढवलेली आवृत्ती निघाली. ५ नोव्हेंबर १७१४ रोजी पादुआतच त्याचे निधन झाले.

त्याने रोग दाखवला, पण मुलामा देणाऱ्यांच्या धुराला वाट मिळायला आणखी शंभर वर्षे गेली. पॅरिसमध्ये रावरिओ नावाचा कांस्यवस्तूंचा मोठा कारखानदार होता. कारागीर पाऱ्याने मरताना त्याने पाहिले होते. त्याने मृत्युपत्रात ३,००० फ्रँक ठेवले. या कारागिरांना वाचवण्याचा उपाय शोधणाऱ्यासाठी ते बक्षीस होते. १८१८ मध्ये ते जाँ पिएर जोसेफ दार्से या रसायनतज्ज्ञाने मिळवले. त्याची युक्ती साधी होती. भट्टीवर धुराडे असलेला हुड बसवायचा आणि धुराडे तापवण्यासाठी त्याला एक छोटी वेगळी शेगडी जोडायची. धुराड्यातील हवा तापली की वर चढते आणि मागून खोलीतील हवा ओढून घेते. तिच्याबरोबर पाऱ्याची वाफही कारागिराच्या तोंडाकडे न येता धुराड्यात जाते.

आज अनेक हौशी आणि व्यावसायिक कारागीर घराच्या मागच्या खोलीत, गॅरेजमध्ये किंवा गच्चीवरच्या शेडमध्ये छोटी भट्टी लावतात. पारा तेथे नसेल, पण पितळ असते. पितळात तांब्याबरोबर जस्त असते. जस्त ९०७ अंश सेल्सियसला उकळते आणि पितळ वितळून ओतण्याजोगे होते तेही साधारण याच तापमानाच्या आसपास. मुशीतून निघणारा पांढरा धूर हा हवेत जळालेल्या जस्ताचा अतिसूक्ष्म कण असतो. तो फुप्फुसात गेला की लगेच काही जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा संध्याकाळी किंवा रात्री, तोंडाला धातूची चव येते, घसा कोरडा पडतो, हुडहुडी भरते, ताप चढतो आणि अंग मोडून येते. एक-दोन दिवसांत हे आपोआप उतरते. त्यामुळे ते फ्लू किंवा हिवताप समजून सोडून दिले जाते. पुन्हा भट्टी पेटते आणि पुन्हा ताप येतो. रामाझ्झिनीचा प्रश्न विचारला गेला तर हे कोडे पहिल्याच भेटीत सुटू शकते. मात्र धूर घेतल्यानंतर धाप लागली, छातीत दुखू लागले किंवा खोकला वाढत गेला तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. कॅडमियमसारख्या धातूचा धूर सुरुवातीला असाच ताप आणतो आणि पुढे जिवावर बेततो.

उपाय दार्सेच्याच वाटेने जातो. धूर खोलीत पसरल्यावर बाहेर काढण्यापेक्षा तो भट्टीपाशीच पकडावा. छताचा पंखा धूर बाहेर काढत नाही, खोलीभर फिरवतो. भट्टीच्या मागच्या बाजूला, मुशीच्या तोंडाजवळ ओढ घेणारा हुड असावा आणि त्याची नळी थेट बाहेर जावी. हुड डोक्यावर असेल आणि कारागीर मुशीवर वाकत असेल, तर धूर वर जाताना आधी त्याच्या नाकापाशी येतो. ताजी हवा कारागिराच्या पाठीमागून यावी आणि भट्टीवरून पुढे जावी. एक्झॉस्ट पंखा लावला पण हवा आत यायला वाट ठेवली नाही, तर पंखा नुसताच फिरतो. कोळसा किंवा गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. म्हणून बंद खोलीत भट्टी पेटवूच नये. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा कापडी मास्क धातूचा धूर अडवत नाही.

भट्टीत काय टाकतो यावरही बरेच अवलंबून असते. जस्ताचा मुलामा असलेले पत्रे आणि नळ्या, रंग लागलेले भंगार आणि कशाचे आहे हे माहीत नसलेले तुकडे मुशीत जाऊ नयेत. जुन्या पितळी नळांत आणि जोडांत शिसे असू शकते. शिशाची धूळ कपड्यांवरून घरात येते आणि तिचा सर्वांत मोठा फटका लहान मुलांच्या मेंदूला बसतो. कामाचे कपडे वेगळे ठेवावेत, हात-तोंड धुतल्याशिवाय जेवू नये आणि मुले व गर्भवती स्त्रिया यांना भट्टीपासून दूर ठेवावे.

नळी बाहेर काढताना ती शेजाऱ्याच्या खिडकीकडे किंवा जिन्याकडे उघडत नाही ना, हे आधी पाहावे. फिनालेच्या गावकऱ्यांची तक्रार तीच होती.