लक्ष्मणराव किर्लोस्कर : चित्रशाळेतून नांगराच्या कारखान्याकडे

गेल्या पावसाळ्यात, रोवणीचे दिवस चालू असता, दहाव्या वर्गातील एका विद्यार्थ्याचे वडील बांधीतून तसेच चिखलाच्या पायांनी आमच्याकडे आले. मुलगा अभ्यासात बरा आहे. परंतु त्याच्या मनाने असे घेतले आहे की, शिक्षण संपताच साकोलीच्या रस्त्यावर सायकली व पाण्याचे पंप दुरुस्त करण्याचे दुकान घालावे. त्यास चार शब्द सांगून नोकरीच्या वाटेस लावावे, एवढेच त्या गृहस्थांचे मागणे होते. आम्ही स्वतः महिन्याच्या महिन्यास पगार घेणारे. तेव्हा नोकरी वाईट असे आमच्या तोंडून कसे निघावे? आणि दुकान वाईट असेही सांगवेना. त्या दिवशी आम्ही त्यांस नीटसे उत्तर देऊ शकलो नाही. पुढे विचार करता, सायकलीच्या दुकानापासूनच ज्यांनी आरंभ केला अशा एका मास्तरांचे चरित्र आठवले. त्या वडिलांस, त्यांच्या मुलास आणि एकोडीतील इतर घरांसही ते वाचावयास मिळावे, म्हणून येथे देत आहो.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर ह्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर ह्या गावी झाला. शाळेच्या पुस्तकांत त्यांचे मन फारसे रमत नसे. चित्रे काढणे व यंत्रे खोलून पाहणे हे दोनच छंद. १८८५ साली ते मुंबईस जाऊन सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत दाखल झाले. चित्रकार होण्याची उमेद होती. पण दोनएक वर्षांनी असे ध्यानात आले की, त्यांच्या डोळ्यांस काही रंगांमधील भेदच नीट कळत नाही. चित्रकाराच्या वाटेत ह्याहून मोठा धोंडा तो कोणता! त्यांनी रंगांची पेटी मिटली. मात्र ज्या रेखनास रंग लागत नाही ते यांत्रिक रेखन सोडले नाही, आणि त्याच बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ह्या संस्थेत शिक्षकाची जागा मिळविली.

तेथे त्यांनी जे केले त्याकडे आमच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे. दिवसा वर्गात शिकवावे आणि मोकळ्या वेळी कारखान्यांतून हिंडून इंजिने व यंत्रे दुरुस्त करावी, असा त्यांचा क्रम असे. ह्यात पैसा मिळे तो थोडा; परंतु कोणते यंत्र कोठे मोडते, का मोडते, आणि मोडल्यावर मालक किती हवालदिल होतो, हे ज्ञान फुकट मिळत गेले. पुढच्या सर्व उद्योगाचे खरे भांडवल हेच, असे आम्हांस वाटते.

सायकलीचा धंदाही ह्याच काळातला. सायकल त्या वेळी मोठ्या नवलाईची व श्रीमंतांच्या हौसेची वस्तू होती. लक्ष्मणराव मुंबईत सायकली विकत घेऊन बेळगावास वडील बंधू रामूअण्णांकडे पाठवीत. रामूअण्णा त्या सातशे ते हजार रुपयांस विकीत, आणि गिऱ्हाइकास बसावयास शिकविण्याचे पंधरा रुपये निराळे घेत. वाचकांस ह्याचे हसू येईल. परंतु ज्या वस्तूवर बसताच मनुष्य पडतो ती वस्तू, शिकविण्याची सोय नसता, कोण विकत घेणार? नुसता माल दुकानात मांडून भागत नाही, तो वापरता येईल अशी तजवीज दुकानदारानेच करावी लागते, ही गोष्ट दोघा भावांस प्रथमपासून उमगली होती.

१८९७ साली संस्थेत बढतीची जागा निघाली. ती आपणांस मिळेल अशी लक्ष्मणरावांची रास्त अपेक्षा होती. ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थांस देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली व बेळगावची वाट धरली. पुष्कळ लेखक येथे मोठा जयजयकार करतात. आम्हांस तसे करवत नाही. बांधलेला पगार सोडून येणाऱ्या मनुष्याच्या घरी त्या रात्री काय बोलणे झाले असेल, ह्याची कल्पना संसारी वाचकांस असेलच. एक गोष्ट मात्र खरी की, ते रिकाम्या हातांनी परतले नव्हते. हातात कसब होते, पाठीशी भाऊ होता, आणि बेळगावात चालते दुकान होते.

दुकानाबरोबर लहानसा कारखाना उभा राहिला. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. आपल्या भंडाऱ्याकडच्या मुलांस नांगराची ही कथा थोडी समजावून सांगितली पाहिजे. आपल्याकडे धानाच्या बांधीत पाणी साचवून चिखल करावयाचा असतो. तेथे हलका लाकडी नांगर व एक बैलजोडी असली की वर्षानुवर्षे काम भागत आले. दक्षिणेकडील काळ्या रानाची गोष्ट निराळी. तेथे हराळी व कुंदा ह्यांची मुळे खोल जातात. लाकडी नांगर जमीन वरवर ओरबाडतो आणि मुळे खाली सुरक्षित राहतात. लोखंडी नांगर खोल जातो, आणि त्याचा वळलेला पंखा मातीची ढेकळे उलटी पालथी करतो. मग उघडी पडलेली मुळे उन्हाळ्याच्या तापाने वाळून जातात. विलायती नांगर त्या वेळी मिळत असत. तसाच नांगर आपल्या देशात घडवावा असा लक्ष्मणरावांचा विचार होता.

नांगर घडला, पण खपेना. लोखंडाने जमिनीस विष बाधते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिली विक्री होण्यास सुमारे दोन वर्षे लागली. ह्यावरून त्या शेतकऱ्यांस अडाणी म्हणणे सोपे आहे. आम्ही म्हणणार नाही. ज्याचे वर्षाचे पोट एका हंगामावर अवलंबून आहे, त्याने परक्याच्या सांगण्यावरून आपल्या जमिनीवर प्रयोग का करावा? चुकल्यास कारखानदाराचा एक नांगर जाईल, शेतकऱ्याचे वर्ष जाईल. शेतात जाऊन, नांगर चालवून, उलटलेली माती डोळ्यांस दाखविल्यावाचून हा संशय फिटणारा नव्हता. शिवाय नांगराचा फाळ झिजतो, बोल्ट पडतो. तो सुटा भाग वेळेवर मिळाला नाही तर पेरणी खोळंबते. जवळच्या कारखान्याचा मोठा फायदा येथे होता.

ह्या ठिकाणी आमची स्वतःची एक फजिती सांगितल्यावाचून राहवत नाही. काही वर्षांमागे, दुसऱ्या एका गावी असता, आम्ही मुलांकडून वह्या-पेन्सिलींचे एक लहान दुकान चालविले होते. हिशेबाची वही होती, फळीवर भाव लिहिले होते, हेतूही चांगला होता. परंतु उधारी नको असे म्हणण्याचा धीर कोणासच झाला नाही. मित्राचे मन कसे मोडावे? दिवाळीच्या सुट्टीपर्यंत माल संपला, आणि गल्ल्यात पैशांऐवजी नावांची यादी उरली. तूट आम्ही पदरची भरली. व्यापारावर आम्ही वर्गात जे काही सांगत होतो, त्याची खरी किंमत त्या दिवशी कळली!

इकडे बेळगावात धंद्याचा जम बसतो न बसतो तोच नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास फर्माविले. तेथे नवी वस्ती व्हावयाची होती. यंत्रे रोवलेली, कामगार जमलेले, गिऱ्हाईक नुकतेच लागलेले, आणि पायाखालची जमीनच निघाली. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी साहाय्यास धावले. लक्ष्मणरावांनी औंधास त्यांच्या बांधकामाचे काम पत्करले होते, त्यामुळे माणसाची पारख झालेली होती. बाळासाहेबांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ बत्तीस एकर जमीन व दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. जमीन म्हणावी तर सगळा माळ. निवडुंग माजलेला आणि नागांचा सुळसुळाट. तथापि आगगाडीचे स्टेशन उशाशी होते, आणि जड लोखंड ने-आण करणाऱ्यास सुपीक मातीपेक्षा रूळ अधिक मोलाचे. १० मार्च १९१० रोजी तेथे कामास आरंभ झाला. पंचवीसएक कामगार आपल्या बायकामुलांसह त्या माळावर राहावयास आले.

ह्या मंडळींत पदवीधर थोडे होते. शंभोराव जांभेकर ह्यांच्या हातास इंजिनाचे काम आपोआप येई. मंगेशराव रेगे हिशेब लिहीत आणि टपालही पाहत. रामूअण्णा वसाहतीची आखणी करीत. शिक्षा भोगून आलेल्या माणसांस लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले, आणि वसाहतीत शिवाशिव चालू दिली नाही. इंग्लंडात कॅडबरी ह्यांनी कामगारांकरिता वसविलेल्या गावाविषयी त्यांनी वाचले होते. तसे गाव आपण निवडुंगाच्या माळावर वसवावे, ही हौस कारखान्याच्या नफ्यातोट्याच्या हिशेबात बसणारी नव्हती. पण जेथे बाजार नाही, शाळा नाही, तेथे चांगला कारागीर टिकणार कसा, असे पाहू जाता ती नुसती हौसही नव्हती.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले. बाहेरून येणारे लोखंड, कोळसा व रंग दुर्मीळ झाले. परदेशी माल येईनासा झाल्यामुळे मागणी मात्र वाढली. कच्चा माल मिळेल तेथून जमवून, दगडी कोळशाच्या जागी लाकडी कोळसा वापरून, रंग घरीच तयार करून भट्टी चालू ठेवण्यात आली. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव ह्यांनी गिऱ्हाइकांस मालाची माहिती कळावी म्हणून एक लहान पत्रिका काढली. तिचेच पुढे किर्लोस्कर मासिक झाले. १९२६ साली चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची पदवी घेऊन आले, आणि त्याच सुमारास कारखान्यात पाण्याचे पंप तयार होऊ लागले. त्या नावाचे पंप आज आपल्या बोडीच्या काठीही चालतात.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचा देहान्त झाला, आणि १९६९ साली, त्यांच्या जन्मास शंभर वर्षे झाली तेव्हा, भारत सरकारने त्यांचे टपाल-तिकीट काढले.

आमच्या त्या विद्यार्थ्याच्या वडिलांस आम्ही पुन्हा बोलावून घेतले आहे. मुलाने प्रथम दोन वर्षे यंत्रदुरुस्तीचे रीतसर शिक्षण घ्यावे, रविवारी साकोलीस कोणा कारागिराच्या हाताखाली बसावे, आणि दुकानाचा विषय मग काढावा, असे सुचविण्याचा आमचा विचार आहे. ते मानतील की नाही, सांगवत नाही. मुलास मात्र आम्ही नकाशात पुणे-मिरज लोहमार्ग दाखविला. त्यावर कुंडल रोड हे नाव त्यास कोठे सापडले नाही. त्या स्टेशनास आता किर्लोस्करवाडी म्हणतात.