अंधांचा अक्षरदाता लुई ब्रेल

आमच्या कळंबात रात्री एकाएकी वीज गेली म्हणजे अभ्यासास बसलेली मुले पुस्तके मिटून आनंदाने अंगणात धावतात. दिवे येईपर्यंत वाचन बंद, हे ती गृहीतच धरतात. परंतु ज्याच्या वाट्यास दिवा पुन्हा येणारच नाही, त्याने कसे वाचावे? ह्या प्रश्नाचे उत्तर एका पंधरा वर्षांच्या अंध मुलाने शोधून काढले. त्या लुई ब्रेल ह्यांचे चरित्र आम्ही आज विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे ठेवीत आहो.

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्स देशातील कूव्रे नावाच्या खेड्यात झाला. त्याचे वडील घोड्यांची खोगिरे व साज करीत. लुई तीन वर्षांचा असता वडिलांच्या कामाच्या जागी खेळू लागला, तोच कातड्यास भोके पाडण्याची आरी त्याच्या डोळ्यात घुसली. जखम चिघळली, विकार दुसऱ्या डोळ्यास जडला आणि पाचव्या वर्षी तो पूर्ण अंध झाला. त्या काळी अशा पुष्कळ मुलांच्या नशिबी भिक्षा येई. परंतु लुईच्या आईबापांनी धीर सोडला नाही. गावच्या धर्मगुरूंनी त्याला शिकविले, शाळामास्तरांनी डोळस मुलांच्या रांगेत बसविले, आणि १८१९ साली, दहाव्या वर्षी, तो पॅरिस येथील अंधशाळेत दाखल झाला.

ही शाळा व्हॅलेंटिन आउई ह्या परोपकारी गृहस्थाने स्थापिली होती. कागदावर नेहमीचीच अक्षरे उठावाने छापून ती बोटांनी वाचावी, अशी त्यांची योजना होती. हेतू थोर, परंतु अक्षरे मूळची डोळ्यांसाठी घडलेली! एकेक वळण चाचपीत ओळीच्या शेवटास जावे, तो आरंभीचा शब्द विसरावा. ग्रंथ अवजड आणि मोजकेच. शिवाय त्या रीतीने अंधास स्वतः लिहिणे अशक्यच होते.

पुढे १८२१ साली शार्ल बार्बिये नामक एका माजी लष्करी अधिकाऱ्याची टिंबांची लेखनपद्धती ह्या शाळेत आली. तीत एका खुणेस बारापर्यंत टिंबे लागत. ती एका स्पर्शात मावत नसत, आणि शुद्धलेखन व विरामचिन्हे ह्यांची तर सोयच नव्हती. लुईने ही कल्पना उचलली आणि बोटाच्या टोकाखाली मावेल एवढी ती लहान केली. १८२४ साली त्याची लिपी सिद्ध झाली. दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन टिंबे; एवढ्या सहा टिंबांतून त्रेसष्ट खुणा होतात. त्यांत अक्षरे, आकडे, इतकेच काय, संगीताचे स्वरही लिहिता येतात. ज्या तऱ्हेच्या हत्याराने त्याची दृष्टी नेली, तशाच टोकदार साधनाने तो आता कागदावर अक्षरे टोचू लागला.

१८२९ साली ब्रेल ह्यांनी आपली पद्धती छापून प्रसिद्ध केली. पुढे ते त्याच शाळेत शिक्षक झाले. चर्चमध्ये ऑर्गनही वाजवीत. विद्यार्थ्यांनी ही लिपी जिवापाड जपली. परंतु आपणांस वाचता न येणारी लिपी अंधांस जगापासून तोडील, असे काही डोळस लोकांस वाटे. १८४० नंतर शाळेत तिला बंदी झाली, तरी मुले ती चोरून लिहीतच राहिली. अखेर १८४४ साली नव्या इमारतीच्या समारंभात सर्वांदेखत तिची परीक्षा झाली व तिला मान मिळाला. ब्रेल क्षयाने झिजत होते. ६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले. त्यानंतर दोन वर्षांनी फ्रान्सने त्यांची लिपी अधिकृत केली. १९५२ साली त्यांचे अवशेष पॅरिसच्या पँथेऑनमध्ये सन्मानाने नेले. हात मात्र कूव्रे येथेच ठेविले आहेत.

आपल्या मुंबईत १९०० साली अमेरिकन मिशनच्या मिस ॲना मिलर्ड ह्यांनी अंधांसाठी शाळा काढली. ती आज दादरला आहे. १९५१ साली भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली. कळंबचा ‘क’ तीत पहिल्या व तिसऱ्या टिंबाने लिहितात.

आता निकाल, तिकिटे, बँकेचे व्यवहार सर्व संकेतस्थळांवर आले आहेत. स्क्रीन रीडर नावाची योजना पडद्यावरील मजकूर अंधांस मोठ्याने वाचून दाखविते, किंवा जोडलेल्या पट्टीवर ब्रेलची टिंबे उमटविते. परंतु सूचना नुसते चित्र म्हणून टाकली व तिचे वर्णन लिहिले नाही, तर ती योजना मुकी होते. ह्यासाठी १९९९ साली जागतिक नियम प्रसिद्ध झाले, आणि आपल्या देशाच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही ही सोय सांगितली आहे. तथापि चूक चालूच आहे, आणि ती आउई ह्यांच्याच जातीची: वस्तू डोळ्यांसाठी घडवावी व अंधाने ती कशीबशी चाचपावी! आम्हीही आजवर सूचनेच्या कागदाचे छायाचित्र काढून पालकांस पाठवीत आलो. हे चरित्र लिहिताना ती चूक ध्यानात आली. आता आम्ही मजकूरही लिहून पाठवितो.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी काही जण उद्या अशी संकेतस्थळे घडवितील. त्यांनी काम पुरे झाले असे म्हणण्यापूर्वी ते एका अंध माणसाच्या हाती द्यावे आणि तो काय सांगतो ते मुकाट्याने ऐकावे. पॅरिसच्या डोळस वडीलधाऱ्यांनी हे वेळीच केले असते, तर ब्रेल ह्यांना आपल्या लिपीचा सन्मान जिवंतपणी पुरता पाहावयास मिळाला असता.