वाटेगाव ते मुंबई : पायी आलेल्या शाहिराचा मुक्काम

मुंबई, प्रतिनिधी - परळ-लालबागच्या गिरणगावात स्थिरावलेल्या बहुतेक घराण्यांच्या आठवणीत गाव सोडल्याचा एक दिवस असतो. कोकणातली माणसे बोटीने आली, घाटावरची आगगाडीने. लोकशाहीर अण्णाभाऊ साठे मात्र मुंबईस पायी आले. ती वाट आणि त्यानंतरचा या शहरातला खडतर मुक्काम यांतूनच त्यांचे वाङ्मय उभे राहिले.

तुकाराम भाऊराव साठे हे त्यांचे मूळ नाव. वाळवा तालुक्यातील वाटेगाव येथे १ ऑगस्ट १९२० रोजी मातंग कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शाळेचा सहवास त्यांना जेमतेम दीड दिवसाचा लाभला, असे सांगितले जाते. ब्रिटिश राजवटीने मांग समाजावर गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला होता. त्यामुळे सरकारी हजेरीचा जाच आणि गावकुसाबाहेरचे दारिद्र्य असा दुहेरी काच होता. वडील भाऊराव मुंबईत माळीकाम करीत. १९३०च्या दशकाच्या आरंभी दुष्काळाने गावात जगणे अशक्य झाले, तेव्हा पत्नी वालुबाई व मुलांना घेऊन ते मुंबईकडे निघाले. गाडीभाड्यास पैसे नव्हते. वाटेत मिळेल तेथे मजुरी करायची, चार पैसे गाठीस बांधायचे आणि पुढचा टप्पा गाठायचा, अशा रीतीने हे बिऱ्हाड चालत राहिले. अण्णाभाऊ त्या वेळी अकरा-बारा वर्षांचे होते.

भायखळ्याच्या चांदबीबी चाळीत या कुटुंबाने आसरा घेतला. मुंबई गाठली तरी वणवण संपली नाही. हमाली, बूटपॉलिश, घरगडी, गिरणीतील मजुरी अशी नाना कामे अण्णाभाऊंनी केली. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची भित्तिपत्रके जुळवीत ते वाचावयास शिकले. शाळेने न दिलेली अक्षरे त्यांना मुंबईच्या रस्त्याने दिली. मध्यंतरी रोजगार सुटल्यावर ते गावी परतले आणि नातलग बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात रमले. गावोगाव मुक्काम हलविणाऱ्या त्या फडात लोकरंजनाची कला त्यांच्या अंगी मुरली.

पुन्हा मुंबईस आल्यावर माटुंग्याच्या लेबर कॅम्पात त्यांना चळवळ भेटली. कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यकर्त्यांच्या सहवासात ते लिहू लागले. १९४३ मध्ये स्टालिनग्राडच्या लढ्यावरील त्यांचा पोवाडा गाजला. १९४४ मध्ये शाहीर अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासमवेत त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. परळ-लालबागच्या चाळी आणि मैदाने हेच या पथकाचे रंगमंच होते. तमाशाच्या आरंभी होणाऱ्या गणेशवंदनेऐवजी त्यांनी मातृभूमी व श्रमिक यांना वंदन केले आणि गवळणीला फाटा दिला. 'अकलेची गोष्ट', 'मुंबई कुणाची' यांसारख्या रचनांतून लोकनाट्याचे नवे रूप घडले. स्वातंत्र्यानंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत मुंबई सरकारने या पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. तरी त्यांची गाणी चाळींतून थांबली नाहीत.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात 'माझी मैना गावावर राहिली' ही त्यांची छक्कड घरोघरी पोहोचली. पोटासाठी मुंबईस आलेल्या आणि कारभारणीला गावी ठेवलेल्या कामगाराचा विरह तिच्यात आहे. त्याच विरहाला त्यांनी महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी मुलखाच्या वियोगाची जोड दिली. गिरणगावातील असंख्य खोल्यांत असे विरह नांदत होते, म्हणूनच ती श्रोत्यांना आपली वाटली. वारणाकाठाहून मुंबईच्या उपनगरात येऊन खाणीत राबणारा आणि काम बंद पडताच स्मशानाकडे वळणारा भीमा 'स्मशानातील सोनं' या कथेत भेटतो. त्याचीही वाट अण्णाभाऊंच्या वाटेला जवळची आहे.

१९५८ मध्ये दादर येथे भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन अण्णाभाऊंनी केले. पुढच्याच वर्षी 'फकिरा' प्रसिद्ध झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अर्पण केलेल्या या कादंबरीस १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार लाभला. त्याच वर्षी ते सोव्हिएत रशियास जाऊन आले व 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला.

एवढी कीर्ती मिळूनही त्यांचे बहुतेक लेखन घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत झाले. गोरेगावच्या सिद्धार्थनगरात घर लाभले ते अखेरच्या काळात. तेथेच १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे २००२ मध्ये टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले, तर २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. हक्काच्या छपराखाली मात्र त्यांना फार दिवस राहता आले नाही. कष्टकऱ्यांच्या वस्त्यांत १ ऑगस्टला त्यांची जयंती साजरी होते. मुंबईस पायी आलेल्या या माणसाचा खरा मुक्काम तेथेच पडला आहे.